सहदेव घाडीनं लस थंड ठेवली

भांडुपच्या टेकडीवर सहदेव घाडीला कुणी काही विचारायची वेळच येत नसे. विचारायच्या आधी तो सांगून मोकळा झालेला असे. कुणाच्या रेडिओत खरखर येवो, कुणाचा स्टोव्ह भडको, कुणाच्या पोराचं पोट दुखो, सहदेव लुंगी वर खोचून हजर. "सरक बघू, माका बघू दे." मग रेडिओची खरखर थांबायची, कारण रेडिओच बंद पडायचा. आणि हे त्याला कळत नव्हतं असं मुळीच नाही. संध्याकाळी पानावर बसता बसता तो बायकोला स्वतःच सांगायचा, "शकु, आज परत माती खाल्लंय गो." शकु भात वाढत म्हणायची, "रोज खातास. मगे ह्यो भात कित्याक होयो?" दोघंही हसायची. दुसऱ्या दिवशी सहदेव नव्या उत्साहानं दुसऱ्याचा स्टोव्ह बिघडवायला निघायचा. आता या माणसाला काय म्हणावं!

उभा जन्म गिरणीत गेला, तिथं त्याचं कुणी ऐकलं नाही. मशीनचा आवाजच एवढा की ऐकणार कोण? मग संप झाला, गिरणी गेली, आणि फिरत फिरत तो टेकडीखालच्या बर्फाच्या कारखान्यात लागला. इथं मात्र आपल्या सहदेवाला आपली जागा सापडली. बर्फात कळण्यासारखं असं फार काही नसतं, हे त्याच्या दृष्टीनं फारच सोयीचं होतं. जितकं गार तितकं चांगलं, संपलं शास्त्र. पहाटे मासळीवाल्या यायच्या. लादी फोडून देता देता तो त्यांना पापलेट कसं भरावं ते शिकवायचा. त्या बायकांच्या सात पिढ्या पापलेटात गेलेल्या, पण बर्फ त्याच्या हातात होता, म्हणून बिचाऱ्या मान डोलवायच्या. उन्हाळ्यात कुल्फीवाला यायचा, त्यालाही सहदेव बजावायचा, "नुसतो बर्फ नको. खडे मीठ घाल. मीठ पडला की बर्फ असो पेटता की हात लावूक नको." कुल्फीवाला म्हणायचा, "हां चाचा, हां," आणि बापजाद्यांपासून करत आला तेच करायला निघून जायचा.

शहाऐंशी सालची थंडी असेल. टेकडीच्या वरच्या गल्लीत डांग्या खोकला शिरला. तो खोकला एकदा ऐकला की विसरता येत नाही. पोर खोकतं, खोकतं, खोकतच राहतं, तोंड निळं पडतं, आणि मग श्वास आत ओढताना असा आवाज येतो की ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरावा. वरच्या गल्लीतलं एक तान्हं त्यात गेलं. त्या दिवसापासून सहदेवच्या शेजारच्या खोलीतली कमल दार लावून बसायला लागली. कमल जालन्याकडची. नवरा भाऊराव ट्रकवर, आठवडा आठवडा घरी नाही. पदरात तीन महिन्यांची मीरा. सासर-माहेर दोन्ही लांब, म्हणून सहदेव आणि शकु हेच तिचे मामा-मामी. शकु सांगायची, कमल रात्रंदिवस पोरीच्या छातीला कान लावून बसलेली असते.

दवाखान्यातून मालनसिस्टर यायच्या. खांद्याला निळा डबा, डब्यात बर्फ, बर्फात लशी. टेकडी चढून वर येईपर्यंत घामानं निथळायच्या, आणि दारोदार जाऊन तेच सांगायच्या: ट्रिपलची लस घ्या, त्यात डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात तिन्ही येतात. बायका तोंडावर हो म्हणायच्या आणि लशीच्या दिवशी कुलूप लावून गायब व्हायच्या. कमल तर स्पष्टच बोलायची. "माझ्या भावाच्या पोराला टोचलं, दोन दिवस अंगावर लाह्या फुटाव्यात असा तापला. हसतंखेळतं लेकरू कशाला आजारी पाडायचं?"

एकदा चढणीवरच बर्फ विरघळत आला म्हणून मालनसिस्टरनी सहदेवकडे बर्फ मागितला. झालं! सरकार आपल्या दारी बर्फ मागायला आलं, एवढंच आपल्या शहाण्याला पुरलं. त्या दिवसापासून डबा त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतला. सिस्टरच्या मागं मागं हिंडून तो विचारत राही, हे औषध आत जाऊन करतं काय? त्या दमेपर्यंत समजावून सांगत. आणि आश्चर्य म्हणजे सहदेवला ते खरोखर समजलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरोबर समजलं, म्हणून तो इतका हरखला की गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागेना.

"कमल, आपला नळ बघ," तो तिच्या उंबऱ्यावर बसून म्हणाला. "खालच्या वस्तीतली एक बाई चोरून पाणी भरायला आली. पहिल्या दिवशी काय होतं? आपल्या बायकांना वाटतं, असेल कुणाकडची पाहुणी. कळेपर्यंत ती चार हंडे भरून पसार. पण दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी आम्ही तिला कोपऱ्यावरच धरतो," कमल म्हणाली. "झिंज्याच उपटतो."

"बरोबर! का? तर तोंड ओळखीचं झालं. तसंच अंगात असतं बघ. आपल्या रक्तात नळावरच्या बायका असतात."

"मामा, काहीही काय!"

"अगो, सिस्टरला विचार. रोगाचा जंतू पहिल्यांदा शिरला तर त्यांना ओळखायलाच वेळ लागतो. मोठं माणूस तग धरतं, तान्हं कसं धरणार? म्हणून लस. त्या चोरट्या बाईला आणायची नाही, नुसतं तिचं लुगडं आणि हंडा आणून दाखवायचा, की बायांनो, अशी दिसते हां ती. मेलेला जंतू, तो काय करतोय? पण बायका बघून ठेवतात. मग खरी आली की तयार."

"आणि ताप?"

"आपल्या बायका जमल्या की गल्ली तापते की नाही? तसंच ते. तयारी चाललीय म्हणून अंग तापतं. आणि एकदा दाखवून भागत नाही. महिन्याच्या अंतरानं तीनदा दाखवायचं, म्हणजे पक्कं डोक्यात बसतं."

कमल मीराला थोपटत म्हणाली, "मामा, बाईंवर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवून येते. माझ्या पोरीला काही झालं तर बघा."

"माझी जबाबदारी," सहदेव छातीवर हात ठेवून म्हणाला. जबाबदारी घ्यायला त्याला कधीच काही वाटायचं नाही. रेडिओच्या वेळीही घेतली होतीच.

ठरल्या दिवशी गल्लीतल्या गणपती मंडळाच्या खोलीत सिस्टरनी सतरंजी घातली, सुया उकळत ठेवल्या. कमलनं बाकीच्या बायकांनाही जमवलं होतं. आणि नेमका पाण्याचा टँकर आला. टेकडीवर टँकर आला की लग्नाची मुंडावळ सोडून नवरीही हंडा घेऊन धावते. खोली क्षणात रिकामी. मालनसिस्टर म्हणाल्या, तोवर मी वरच्या गल्लीतली आजारी पोरं बघून येते. डबा सहदेवकडे देताना त्यांनी बजावलं, "मामा, झाकण उघडायचं नाही. आहे तसं राहू द्या."

त्या कोपऱ्यावर वळल्या असतील-नसतील, सहदेवनं डबा आपल्या घरी आणून झाकण उघडलं. आता नाही उघडलं तर तो सहदेव कसला!

आत बघितलं आणि त्याला सिस्टरची कीवच आली. बर्फ एका बाजूला, त्याला टेकून पोलिओच्या थेंबांची बाटली, आणि ट्रिपलच्या इवल्याशा बाटल्या कागदात गुंडाळून त्यापासून लांब ठेवलेल्या. अरेरे! शिकलेली पोर, पण बर्फाचं काय कळणार तिला? मासळी कधी कागदात गुंडाळून बर्फात ठेवतात का? त्यानं कारखान्यातून ताजी लादी आणली. टोच्यानं बारीक चुरा केला. बाटल्यांचे कागद सोडून फेकून दिले. मग स्वयंपाकाच्या फळीवरची खड्या मिठाची बरणी काढली.

"अवो, मीठ कित्याक?" शकु धावत आली. "तेनी सांगितलेला ना, उघडू नकात म्हणून?"

"तुका काय कळता? गप रव."

बर्फ आणि मीठ, मीठ आणि बर्फ, त्यात बाटल्या गळ्यापर्यंत पुरल्या. डब्याला बाहेरून दव धरलं. सहदेवनं हात लावून बघितला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. झकास! आज सिस्टर म्हणतील, मामा, तुम्ही नसता तर काय झालं असतं. हे ऐकल्यावर आपण काय म्हणायचं, तेही त्यानं ठरवून ठेवलं. आपण म्हणायचं, त्यात काय एवढं.

बायका पाणी भरून आल्या, ओल्या पदरांनी पोरं घेऊन ओळीत बसल्या. सगळ्यांत पुढं कमल. सिस्टरनी झाकण काढलं, एक बाटली उचलली. बाटलीवर पांढरा बर्फ चढलेला, आत औषधाचा दगड. दुसरी उचलली, ती तडकलेली होती. त्यांनी बोट जिभेला लावलं.

"मीठ?" त्या हळूच म्हणाल्या.

"काय सिस्टर, एकदम कडक ना?" सहदेव हसत म्हणाला.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला नुसतं भिंतीपाशी नेलं. "मामा, पोलिओचं ठीक आहे, ते गोठलं तरी चालतं. ट्रिपल गोठली की मेली."

सहदेवनं बायकांकडे चोरून बघितलं. "पाण्यात ठेवू, सुटेल," तो कुजबुजला. "कुणाला कळतंय?"

सिस्टरनी एक बाटली मुठीत दाबून धरली. बर्फ सुटला. बाटली हलवून त्यांनी त्याच्या डोळ्यांपुढं धरली. आधी दुधासारखं एकजीव असणारं औषध फुटलं होतं. खाली चुरा बसत चालला, वर नुसतं पाणी. "ह्यात तुरटीच्या जातीचा एक क्षार असतो. लस त्याला चिकटलेली असते. गोठली की सगळं सुटतं, गोळे होतात. हे टोचलं तर पोर रडेल, मांडी सुजेल, आईला वाटेल आता भीती नाही. आणि महिन्याभरानं पोर खोकायला लागलं तर? कुठल्या तोंडानं जाल तिच्याकडे?"

मग त्या बायकांकडे वळल्या. "ट्रिपल गोठून खराब झाली. डबा माझा, जबाबदारी माझी. आज पोलिओचे थेंब देते. पुढच्या आठवड्यात ह्याच दिवशी या." सहदेवचं नाव त्यांनी घेतलं नाही. आणि सहदेव, अख्ख्या टेकडीला न विचारता ज्ञान वाटणारा सहदेव, भिंतीला चिकटून पालीसारखा गप्प उभा राहिला.

कमल उठली. "म्हणजे आज हे खराब औषध पोरीला टोचणार होता? आणि आजवर दिलं ते चांगलं कशावरून?" मीराला छातीशी धरून ती निघाली. सहदेवकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिच्यामागं बाकीच्याही निघाल्या.

संध्याकाळपर्यंत गोष्ट टेकडीभर झाली. कुणी म्हणालं, बाईनं सडकं औषध आणलं होतं. कुणी म्हणालं, आमच्यासारख्यांना असलंच देतात. कुणी तर वरच्या गल्लीतलं तान्हं लशीनंच गेलं म्हणून मोकळं झालं. त्या बिचाऱ्या पोराला लस मिळालीच नव्हती, पण ऐकतो कोण? मालनसिस्टरनी महिनोन्‌महिने चप्पल झिजवून जमवलेलं सगळं पाण्यात गेलं.

सहदेव पानावरून तसाच उठला. शकुनं रिकामी बरणी त्याच्यापुढं ठेवली. "मीठ खय गेला म्हणून कोणी इचारल्यान तर मी काय सांगू?"

त्यानं स्वतःशी बराच हिशेब मांडून बघितला. सिस्टर बोलणार नाहीत. शकु बोलणार नाही. रेडिओ बिघडवला, त्यावर लोक हसतात, ते चालतं. पण हे? गल्लीत मान वर करून चालता येईल का? आणि मान वर करून चालण्यासारखं आपल्याकडे आहे तरी काय, लुंगी आणि टोच्या! असा विचार चाललेला असतानाच भिंतीपलीकडे मीरा खोकली. एकदाच, ठसका लागावा तशी. नुसता दुधाचा ठसका असेल. पण सहदेव उठून भिंतीला कान लावून बसला.

पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा तो बायकांच्या रांगेपुढं जाऊन उभा राहिला. पुरुष माणूस नळावर, म्हणून आधीच सगळ्या बघायला लागल्या.

"लस सिस्टरनी नाही बिघडवली," तो म्हणाला. "ह्या गाढवानं बिघडवली." आणि त्यानं सगळं सांगितलं. कागद कसे फेकले, चुरा कसा केला, मीठ कसं घातलं. "पापलेट समजलो मी लशीला, पापलेट!" कुणीतरी फिसकन हसलं. सहदेवच्या लक्षात आलं, की हसतात ते बरं आहे. हसलेली गोष्ट दुपारपर्यंत टेकडीभर जाईल. मग त्यानं काही राखून ठेवलं नाही. सिस्टरनी शाबासकी दिल्यावर काय बोलायचं ते आपण कसं पाठ करून बसलो होतो, तेही नक्कल करून दाखवलं. हंडे ठेवून बायका पोट धरून हसल्या. आपली एवढी शोभा आपणच काढतोय म्हणून सहदेवचे कान तापले होते, पण तोंड थांबत नव्हतं.

कमल हसली नाही. "मग काल बाईंनी तुमचं नाव का नाही घेतलं?"

"ती भली बाई म्हणून," सहदेव म्हणाला. "आणि मी भित्रा, म्हणून मीही नाही घेतलं."

कमलनं हंडा उचलला आणि निघून गेली.

आठवडाभर तो हेच करत राहिला. चढणीवर, वाण्याच्या दुकानात, वरच्या गल्लीत, भेटेल त्याला. पोरं मागं लागली, "कुल्फीमामा, कुल्फीमामा!" कारखान्यात मासळीवाल्या म्हणायला लागल्या, "काय रे, आज पापलेटाला सुई टोचू का?" तो म्हणायचा, "टोचा गे बायांनो, टोचा." घरी येऊन मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. शकु त्याच्या पाठीवरून हात फिरवायची.

लशीचा दिवस आला. डब्याजवळ जायची सहदेवला बंदी होती. ती त्यानंच स्वतःवर घातली होती. तो मंडळाच्या खोलीबाहेर पायरीवर बसला. आधी दोघीतिघी आल्या, त्या नुसत्या कुल्फीमामाला चिडवायला आल्यासारख्या. पण काखेत पोरं होती. मग आणखी आल्या. बघता बघता रांग लागली. टोचता टोचता मालनसिस्टरची मान वर होईना. सहदेव मात्र प्रत्येक पदर निरखत होता. कमल नव्हती. ओळ सरत आली तरी नव्हती. तिच्या दारी जायला तो उठायला लागला तेव्हा सिस्टर आतून म्हणाल्या, "मामा, बसा. तुम्ही बोलायचं तेवढं बोलून झालंय."

सिस्टर डबा आवरायला लागल्या आणि कमल आली. पायरीपाशी थांबली.

"लोक आपला गुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात टाकतात, मामा. तुमचा तर आयता दुसरीनं गळ्यात घेतला होता. तो तुम्ही मागून घेतलात." तिनं मीराचं दुपटं सारखं केलं. "एवढी लाज कुणी खोट्या औषधासाठी काढून घेत नाही." तिनं मीराला त्याच्या हातात दिलं. "तुम्हीच धरा. मला बघवत नाही."

सहदेव आत गेला, मांडी घालून बसला. सिस्टरनी मीराच्या मांडीला स्पिरिट लावलं. सुई गेली. मीरानं असा टाहो फोडला की मंडळाचे पत्रे हलावेत. "रात्री अंग तापेल, घाबरू नका," सिस्टर कमलला म्हणाल्या. "आणि ही पहिली. एकीनं भागत नाही, अजून दोनदा यायचं. तोवर खोकणाऱ्या पोरांपासून हिला लांब ठेवा." अंग का तापेल हे सांगायला सहदेवनं सवयीनं तोंड उघडलं. नळावरच्या बायका, लुगडं, हंडा, सगळं जिभेवर होतं. पण शब्दाऐवजी हुंदकाच बाहेर आला. मग दुसरा. गडी सगळ्यांदेखत ढसाढसा रडायला लागला.

कमलनं पोरीला त्याच्या मांडीवरून उचलून खांद्यावर घेतलं, थोपटलं. मीरा हळूहळू शांत झाली.

"मामा," कमल म्हणाली, "ती गप्प झाली. आता तुम्ही गप्प व्हा."